कर कोणावर, हे मतदाराला विचारा

नवी मुंबईच्या मतदाराला आजवर पुष्कळ गोष्टी विचारल्या गेल्या. पाणी येते का, रस्ता झाला का, पट्टा मिळाला का, मंडळाला वर्गणी पाहिजे का, हे सगळे त्याला विचारले गेले. पण शहर चालवायला पैसा लागतो, तो कोणाकडून घ्यायचा आणि कोणावर खर्च करायचा, हा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही. विचारण्याऐवजी त्याला एक आश्वासन दिले गेले. मालमत्ता कर वाढणार नाही, पाणीपट्टी वाढणार नाही, वीस वर्षे वाढणार नाही! या शहरात निवडणूक आली की ही घोषणा होते, लोक टाळ्या वाजवतात आणि विषय तिथेच संपतो. आमच्या मते विषय तिथे सुरू व्हायला हवा.

परदेशात काही ठिकाणी शहराला नवा कर लावायचा असेल तर तो मतपत्रिकेवर टाकतात. अमेरिकेतील अनेक शहरांत लोकांना विचारले जाते की, शाळेसाठी, बससेवेसाठी किंवा घरांसाठी एवढा कर देता का? हो किंवा नाही, सांगा. आपल्याकडेही सुशिक्षित वर्गात अधूनमधून ही मागणी ऐकू येते. पैसा आमचा, तर आम्हाला विचारा, असे ते म्हणतात. ऐकायला हे लोकशाहीचे वाटते. पण चळवळीतील कार्यकर्त्याने कुठलीही गोड मागणी आधी उलटसुलट करून तपासली पाहिजे. विचारणार कोणाला? विचारणार काय? आणि उत्तराचा भार कोणाच्या डोक्यावर पडणार?

आधी कायदा पाहू. भारतीय संविधानाच्या कलम २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही. कलम २४३ एक्स नुसार नगरपालिकांना कर लावण्याचा अधिकार राज्याचे विधिमंडळ देते. महाराष्ट्रात तो अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधून मिळतो. या कायद्याच्या कलम ९९ प्रमाणे स्थायी समितीचे प्रस्ताव विचारात घेऊन महासभेने दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत पुढच्या वर्षीचे कराचे दर ठरवायचे असतात. म्हणजे आपल्या कायद्यात करावर जनमत घेण्याची सोय नाही. मतदार नगरसेवक निवडतो आणि नगरसेवक दर ठरवतो. मतदाराचा होकार किंवा नकार असा नगरसेवकाच्या हातून जातो.

आता हा हातच नसेल तर? नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झाली. २०१५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि शहर प्रशासकाच्या हाती गेले. संविधानाचे कलम २४३ यू सांगते की, पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. कोरोना आला, मग प्रभागरचनेचा घोळ झाला, मग ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात राहिला आणि निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. साडेपाच वर्षांहून अधिक काळ कराचा दर ठरवणारा, पैसा गोळा करणारा आणि खर्च मंजूर करणारा एकच अधिकारी होता. पाच हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प असलेल्या शहरात एकाही लोकनियुक्त सदस्याने हात वर न करता हे सारे पार पडले. जनमत घेण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी या वर्षांत साधी निवडणूक घ्या म्हणून किती आवाज उठवला, हे त्यांनी स्वतःलाच विचारावे.

दुसरी गोष्ट पैशाच्या वाटेची. एके काळी नवी मुंबईत जकात नव्हती, तिच्या जागी उपकर होता. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि वाशीची घाऊक बाजारपेठ यांच्यामुळे महापालिकेच्या तिजोरीत त्यातून चांगला पैसा येई. २०१३ मध्ये उपकराच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांना एलबीटीतून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटीने तोही गिळला. त्याबदल्यात राज्य शासन महापालिकांना नुकसानभरपाई देते, दरवर्षी आठ टक्के वाढ धरून. म्हणजे जे शहराचे स्वतःचे उत्पन्न होते ते आता मंत्रालयातून येणारे अनुदान झाले.

बाबासाहेबांचा कोलंबिया विद्यापीठातील प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्था कशी घडत गेली, हा त्याचा विषय. प्रांतांकडे खर्चाची जबाबदारी, पण पैशाच्या नाड्या वरच्या सरकारच्या हातात, या व्यवस्थेचा इतिहास त्यांनी त्यात मांडला. शंभर वर्षांनंतर प्रांताच्या जागी शहर ठेवून पाहा. चित्र ओळखीचे वाटेल. आज महापालिकेच्या हातात स्वतःचा म्हणावा असा मोठा कर एकच उरला आहे, तो मालमत्ता कर. म्हणून त्याबद्दल बोलणे टाळणे म्हणजे शहराच्या स्वायत्ततेबद्दल बोलणेच टाळणे होय.

मग करवाढ नको ही घोषणा कोणाच्या फायद्याची? एक साधा हिशेब करू. समजा, एका बैठ्या घराचा वर्षाचा कर दोन हजार रुपये आहे आणि एका काचेच्या टोलेजंग इमारतीचा वीस लाख. दहा टक्के वाढ झाली असती तर घरावर दोनशे रुपये चढले असते आणि इमारतीवर दोन लाख. वाढ रद्द झाली. घोषणा दोघांना एकाच आवाजात ऐकवली गेली. प्रत्यक्षात एकाचे दोनशे वाचले आणि दुसऱ्याचे दोन लाख. आता त्या दोन लाखांत जे झाले असते, ते कोणाच्या वस्तीत व्हायचे राहिले? पाम बीच रस्त्यावरच्या संकुलात राहणारा माणूस पाण्याची टाकी स्वतः बांधतो, मुलाला खासगी शाळेत घालतो आणि दवाखानाही खासगी पाहतो. महापालिकेची शाळा, महापालिकेचे रुग्णालय आणि महापालिकेचा नळ ही तुर्भे, रबाळे, दिघा येथील वस्त्यांची गरज आहे. कर गोठला की बचत वरच्यांच्या खिशात जाते आणि कपात खालच्यांच्या वाट्याला येते. शिवाय कपात पहिल्यांदा कुठे होते? साफसफाई, पाणीपुरवठा, उद्याने इथे राबणाऱ्या हजारो कंत्राटी कामगारांच्या वेतनात. समान कामाला समान वेतन मागितले की निधी नाही म्हणतात. निधी नाही, कारण मागायचाच नाही असे आधीच ठरले आहे.

याचा अर्थ आम्ही करवाढीच्या बाजूने आहोत असा कोणी काढू नये. सरसकट वाढ हा गरिबावर अन्यायच आहे. जुलै २०१९ मध्ये महासभेने ठराव केला की, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर पूर्ण माफ करावा आणि ५०१ ते ७०० चौरस फुटांच्या घरांना ६० टक्के सवलत द्यावी. सिडकोच्या छोट्या घरांत, कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबांना यातून दिलासा मिळाला असता, हे आम्ही नाकारत नाही. मुंबईतील ५०० चौरस फुटांच्या घरांची माफी राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये मंजूर केली. नवी मुंबईचा ठराव मात्र वर्षानुवर्षे शासनदरबारी पडून राहिला. विधानसभा निवडणूक तोंडावर असताना ठराव करायचा आणि नंतर त्याच्या मागे लागायचे नाही, याला काय म्हणावे? शिवाय माफीने जी तूट पडेल ती कोणाकडून भरून काढायची, हे स्पष्ट करायचे धाडस कोणी केले नाही. ही तूट वरच्या थरावर टाकली तर ती माफी न्यायाची होते. ती सेवांच्या कपातीतून भरली तर गरिबाला एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, एवढेच होते.

इथे बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात नव्याने आलेल्या बाबासाहेबांनी अर्थसंकल्पावर बोलताना शेतसाऱ्याच्या पद्धतीवर बोट ठेवले. प्राप्तिकर ठराविक उत्पन्नाच्या वरच लागतो, मग शेतसारा मात्र मोठ्या जमीनदाराला आणि तुकडाभर जमिनीच्या शेतकऱ्याला एकाच मापाने का, हा त्यांचा मुद्दा होता. ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यावे आणि ज्याला पोट भरायलाच पुरत नाही त्याच्याकडून घेऊ नये, हे करन्यायाचे सूत्र त्यांनी तेव्हा मांडले. आमच्या चळवळीला कराविषयी भूमिका नाही असे ज्यांना वाटते त्यांनी ते भाषण वाचावे.

आणि गंमत अशी की, हे सूत्र आपल्या महापालिका कायद्यात आजही लिहिलेले आहे. कलम १२९ मध्ये मालमत्ता कराचे भाग दिले आहेत. त्यातील सर्वसाधारण कर महापालिकेने ठरवल्यास चढत्या श्रेणीने लावता येतो, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे लहान घराला कमी दर, मोठ्या मालमत्तेला चढता दर, याला कायद्याची आडकाठी नाही. भांडवली मूल्यावर कर लावण्याची तरतूदही नंतर आली. तरीही वाढ किंवा वाढ नाही, एवढ्या दोनच पर्यायांत आपल्याला अडकवून ठेवले जाते. तिसरा पर्याय कायद्याच्या पुस्तकात पडून आहे. तो मतदाराला सांगितला जात नाही, कारण तो सांगितला तर मतदार त्यालाच हात वर करील.

आता जनमताच्या मागणीकडे परत येऊ. जून १९७८ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मतदारांनी प्रस्ताव १३ मंजूर केला. मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यापुरता मर्यादित झाला, मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येईना आणि विशेष कारणासाठी स्थानिक कर लावायचा तर दोन तृतीयांश मतांची अट आली. महागाईने गांजलेल्या घरमालकांनी तो आपल्या हितासाठी उचलून धरला होता. पण मालमत्ता कराचे उत्पन्न एकदम निम्म्याहून खाली आले. शाळा आणि ग्रंथालयांना झळ बसली, ठिकठिकाणी शुल्क वाढले. जुनी जागा धरून बसलेल्या मोठ्या कंपन्यांचा कर जुन्याच मूल्यावर राहिला आणि नव्याने घर घेणाऱ्या तरुण कुटुंबावर जास्त भार पडला. जनतेला विचारले गेले हे खरे, पण कर कमी हवा का, एवढेच विचारले गेले. कोणाचा कमी आणि कोणाच्या जिवावर, हे विचारले असते तर कदाचित उत्तर वेगळे आले असते.

उलट बाजूचे उदाहरण ब्रिटनचे. तिथे स्कॉटलंडमध्ये १९८९ पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९९० पासून माणशी सारखा कर लावला गेला. बंगल्यातला आणि भाड्याच्या खोलीतला, दोघांना जवळपास सारखेच. लोक रस्त्यावर उतरले, लाखोंनी तो भरायला नकार दिला आणि १९९३ मध्ये तो मागे घेऊन घराच्या किमतीच्या टप्प्यांवर आधारित कर आणावा लागला. कर देणे लोकांना नकोसे असते असे नाही. अन्यायाचा कर नकोसा असतो.

जनमताच्या मागणीत आम्हाला आणखी एक धोका दिसतो आणि तो आमच्या समाजाने विशेष ओळखला पाहिजे. ही मागणी करणारे नागरिक असा शब्द वापरत नाहीत, करदाता म्हणतात. आम्ही कर भरतो, झोपडपट्टी फुकट पाणी पिते, हे वाक्य वाशी-नेरूळच्या बैठकांत सर्रास ऐकू येते. हा विचार नवा नाही. ब्रिटिश काळात मताचा अधिकार जमीन, कर किंवा घरभाडे यांच्या मोजमापाने मिळत असे. ज्याच्याकडे काही नाही त्याला मत नाही. म्हणून १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची बाजू मांडली आणि १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकार मागितला. मुंबई महापालिकेची प्रौढ मताधिकारावरची पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली. मत पैशापासून सोडवायला आपल्याला एवढा लढा द्यावा लागला. आता करदात्याच्या नावाखाली त्याला पुन्हा पैशाला बांधू देणार का?

आणि झोपडीतला माणूस कर भरत नाही हेही खोटे आहे. तो साबण घेतो, मोबाइल रिचार्ज करतो, गोळ्या-औषध घेतो, त्या प्रत्येकात जीएसटी असतो. त्याच जीएसटीच्या वाट्यातून महापालिकेला अनुदान मिळते. खोलीच्या भाड्यात घरमालकाची घरपट्टी मिसळलेली असते. सार्वजनिक शौचालयाला तो पैसे मोजतो. आमच्या वकिलीच्या कामात घरपट्टीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणणारे कितीतरी लोक आम्ही पाहतो. त्यांना वाटते, ही पावती म्हणजे घर वाचवणारा कागद. कायदा काय म्हणतो? विनापरवानगी बांधकामावर कलम २६७ अ प्रमाणे मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावता येते, पण ती भरल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही. म्हणजे पैसे घेताना तो महापालिकेचा आणि हक्क मागताना अतिक्रमणवाला! दुसरीकडे वर्षानुवर्षे कर थकवणाऱ्या मोठ्या मालमत्ताधारकांसाठी अभय योजना निघतात, दंडात सूट मिळते. मुदतीत पैसे भरणाऱ्या लहान माणसाला अभय कोण देणार?

शेजारच्या पनवेलचे उदाहरणही डोळ्यापुढे ठेवावे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिथे महापालिका झाली. मालमत्ता कराची बिले मात्र २०२१ मध्ये आली आणि ती स्थापनेपासूनच्या थकबाकीसह. खारघर, कामोठे, कळंबोलीचे लोक म्हणाले, या काळात सेवा सिडकोने दिली आणि सेवाशुल्कही सिडकोने घेतले, मग हा दुहेरी कर कशाला? प्रकरण न्यायालयात गेले. कर लावण्याआधी लोकांपुढे हिशेब ठेवला असता, कोणती सेवा केव्हापासून कोण देणार ते सांगितले असते, तर एवढा संताप उसळला नसता. लोकांना विश्वासात न घेता लावलेला कर वसूल करणेही कठीण जाते, हा त्यातला धडा.

आमच्या चळवळीच्या इतिहासात सार्वजनिक पैसा आणि हक्क यांचे नाते फार जुने आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली आणि राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, सवर्ण न्यायालयात गेले आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आला की, तळे नगरपालिकेचे आहे आणि इतरांना दूर ठेवण्याची प्रथा सिद्ध झालेली नाही. जे सार्वजनिक ते सर्वांचे, हा त्या लढ्याचा पाया होता. ऐरोलीत महापालिकेने उभारलेले बाबासाहेबांचे स्मारक आणि तिथले ग्रंथालय सार्वजनिक पैशातूनच उभे आहे. ज्या तिजोरीतून ग्रंथालय उभे राहते, ती रिकामी ठेवा असे आपण म्हणू शकत नाही. ती कोण भरतो आणि तिची चावी कोणाकडे आहे, हे मात्र आपण विचारलेच पाहिजे.

तेव्हा मतदाराला विचारावे का? आमचे उत्तर आहे, जरूर विचारावे. पण हो किंवा नाही असे नव्हे, आणि नुसत्या घरमालकांना तर नव्हेच. २००९ च्या दुरुस्तीने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण त्या सभेचा सदस्य, मग तो टॉवरमधला असो की झोपडीतला. ही सभा आपल्या वस्तीत भरलेली किती वाचकांनी पाहिली आहे? २०२६ ची निवडणूक बहुसदस्यीय पद्धतीने झाली. २८ प्रभागांत १११ नगरसेवक, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार जण. जबाबदारी एकाने दुसऱ्यावर ढकलायची सोय झाली आहे. म्हणूनच क्षेत्रसभेची गरज आता आणखी वाढली आहे.

कार्यकर्त्यांनी आपल्या प्रभागातील चारही नगरसेवकांकडे लेखी मागण्या द्याव्यात. कराचे दर ठरवण्यापूर्वी, म्हणजे २० फेब्रुवारीच्या आधी, दरवर्षी क्षेत्रसभा बोलवा. सर्वसाधारण कर चढत्या श्रेणीने लावण्याचा प्रस्ताव महासभेत आणा आणि लहान घरांची माफी त्याला जोडा. सर्वात मोठ्या थकबाकीदारांची यादी जाहीर करा. दुर्बल घटक, महिला व बालकल्याण आणि दिव्यांगांसाठी राखीव ठेवलेला निधी कुठल्या वस्तीत, कुठल्या कामावर खर्च झाला, तो हिशेब मराठीत फलकावर लावा. कंत्राटी कामगारांचे न्याय्य वेतन अर्थसंकल्पात आधी धरा, उरले तर देऊ असे म्हणू नका. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहे, आणि त्यानंतर रस्ता आहे.

करवाढ नाही ही घोषणा यापुढेही आपल्या दारात येईल. तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी एवढे विचारा की, कोणाची करवाढ नाही? त्या माणसाकडे याचे उत्तर नसेल तर त्याने आपल्या बाजूने काही दिलेले नाही, हे समजून घ्या आणि वस्तीतल्या प्रत्येकाला समजावून सांगा.